आईच्या पिंपातला दगड

नऊ वाजता लेओन्तिना कचेरीच्या मागच्या अंगणात गेली. गावाच्या स्थापनेचं साल कोरलेला दगड जागेवर नव्हता.

पियेत्रिका आणि रागोझेनी या दोन ग्रामपंचायती एक होणार होत्या. जे गाव जुनं त्याची कचेरी राहणार, दुसरीला कुलूप. रागोझेनीच्या दगडावर साल होतं १७१२, पियेत्रिकाच्या दगडावर १७०८. त्या चार वर्षांवर लेओन्तिनाची सव्वीस वर्षांची चिटणीसगिरी तगून होती. आणि जिल्ह्याचे तज्ज्ञ अकरा वाजता दगड बघायला येणार होते.

"चौथरा बांधू, चौथरा बांधू म्हणत तीन सरपंच झाले!" ती कडाडली.

"ओरडू नका हो बाई," सरपंच निकानोर छातीवरचा सरपंचकीचा तिरंगी पट्टा सावरत म्हणाले. "पोळपाटाएवढा दगड कोण कशाला नेईल?"

पोळपाटाएवढा. सपाट. जड. लेओन्तिनाला एकदम ऑक्टोबर आठवला. कोबी आंबवायचं पीप भरताना आईचा दाबायचा दगड फुटला होता. ती तशीच घराकडे पळत सुटली.

"आई, पिंपातला दगड कुठून आणलास?"

"कचेरीमागे पडला होता. कुणाचाच नव्हता."

"गावाचा होता!"

"मग मी काय परगावची आहे?"

लेओन्तिनाने कोपरापर्यंत हात घालून दगड वर काढला. दगड चुनखडीचा. चार महिने आंबट पाण्यात त्याचा चुना विरघळला होता आणि तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला होता. साल साफ गेलं होतं. तिला रडूच फुटलं.

"तरी म्हटलं, यंदा कोबी मऊ का पडला," आई म्हणाली.

अकरा वाजता, तीनदा धुतलेला दगड कचेरीच्या टेबलावर होता. तज्ज्ञ पेत्रोव्हान भिंग घेऊन वाकले. शेजारी रागोझेनीचे सरपंच दुमित्राश मुद्दाम हजर होते. त्यांनी नाक पुढे केलं.

"याला कोबीचा वास येतोय."

"फेब्रुवारीत आख्ख्या गावाला येतो, साहेब," लेओन्तिना म्हणाली.

पेत्रोव्हानांनी दगडावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"अर्जात १७०८ कुणी लिहिलं?"

"मी," लेओन्तिना पुटपुटली.

"चूक आहे, बाई. ही झीज बघा! एवढं झिजायला पाचशे वर्षांचा पाऊस लागतो. तुम्ही गावाचं वय फारच कमी सांगितलंत."

निकानोर मटकन खुर्चीत बसले. लेओन्तिनाने मान खाली घालून चूक कबूल केली.

पाहुण्यांना कचेरीतच जेवायला आईने कोबीच्या पानांत गुंडाळलेले सारमाले केले होते. पानं सुटून सगळा खिमा बाहेर आला होता, पण पेत्रोव्हानांनी दोनदा मागून घेतले. दुमित्राश मात्र ताटातलं सुटलेलं पान काट्याने उलटसुलट करून निरखत राहिले. मग दगडाकडे पाहिलं. निघताना त्यांनी आईला दाराआड गाठलं. मागे भांडी उचलणारी लेओन्तिना जागीच थिजली.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "दगड कोबीत किती दिवस ठेवावा लागतो हो? आमच्याकडे हे तज्ज्ञ उद्या येतायत."

"उद्या?" आईला खरंच वाईट वाटलं. "मग अवघड आहे, बाबा. आख्खा हिवाळा लागतो."