घुगरेच्या रजेच्या बहात्तर खुणा

आमच्या कार्यालयात ईमेलला उत्तर दिलं की मूळ अर्जदार खुर्चीसकट पन्नास पावलं उजवीकडे सरकतो. प्रत्येक उत्तरागणिक जुन्या मजकुराच्या डोक्याशी एक बाणाची खूण वाढते, मजकूर उजवीकडे ढकलला जातो आणि त्याच्याबरोबर माणूसही. बहात्तरावी खूण पडली की ओळ मोडते. मग माणूस पुन्हा डाव्या भिंतीशी येतो, एक मजला खाली. जुना मजकूर पुसून उत्तर दिलं तर असं होत नाही म्हणे. पण आम्ही पुसत नाही. उद्या चौकशी लागली तर? अर्ज दप्तरी दाखल होईपर्यंत खुर्चीवरून उठता येत नाही, आणि दप्तर फक्त सोमवारी उघडतं.

मी तेवीस वर्षं आवक-जावक सांभाळते. घुगरे माझ्या शेजारच्या टेबलावर. त्याने शुक्रवारची रजा मागितली. त्याच्या अण्णांना सहा वर्षं काही दिसत नव्हतं. आता ऑपरेशन झालं होतं आणि शुक्रवारी अकराला पट्टी सुटणार होती. "डोळे उघडले की पहिलं तुझं तोंड दिसलं पाहिजे," असं त्यांनी बजावलं होतं.

अर्ज फिरू लागला. आस्थापना शाखेने लिहिलं, "तपासले." भांडार शाखेने लिहिलं, "हरकत नाही." त्यांचा काय संबंध, ते मला विचारू नका. मंगळवारी घुगरे कॅन्टीनमध्ये होता, बुधवारी पलीकडच्या माडीवरच्या सलूनमध्ये. तिथे त्याने दाढी करून घेतली. गुरुवारी दिवसभर भाजीबाजारावर अधांतरी होता. रजा मेली कुणी देईना, पण दवाखाना उजवीकडेच होता, म्हणून मी गप्प बसले.

शुक्रवारी सकाळी एकाहत्तरावी खूण पडली आणि खुर्ची अण्णांच्या खाटेला टेकली.

"बाई, पोचलो!" घुगरे फोनवर ओरडला. "आता कुणाला उत्तर देऊ देऊ नका."

मी शाखाशाखांतून फिरले. "कीबोर्डला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे!" सगळे हाताची घडी घालून बसले.

उपाध्ये साहेब तेवढे दौऱ्यावर होते. देवमाणूस हो! अकराला दोन मिनिटं कमी असताना त्यांना आठवलं की बिचाऱ्याची रजा राहिली. त्यांनी गाडी थांबवून लिहिलं, "मंजूर."

खाली तळमजल्यावर खुर्ची आपटली. मी धावले. घुगरे डाव्या भिंतीशी रडत बसला होता. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू.

त्याचा मोबाइल खाटेवरच राहिला होता. त्यावर फोन केला तर नर्सने उचलला. "पट्टी काढली, पण आजोबा डोळे उघडायला तयार नाहीत. तुम्हीच बोला."

"बाई," अण्णा म्हणाले, "खुर्ची गेलेली कळली मला. त्याला म्हणावं सावकाश ये. सहा वर्षं बसलो, आणखी थोडा बसेन डोळे मिटून."

मी तडक वर आले, कीबोर्ड पुढे ओढला आणि साहेबांना उत्तर लिहिलं, "आभारी आहोत." खाली खुर्ची सरकली. भांडार शाखेने लगेच लिहिलं, "आभाराशी सहमत." आस्थापनेने लिहिलं, "सहमतीची नोंद घेतली."

अडुसष्ट राहिल्या. मी पुन्हा दवाखान्यात फोन लावला आणि नर्सला सांगितलं, "अण्णांची खाट तळमजल्यावर घ्या. तो आता खालून येतोय."