राघोचं भुयार आणि नवमीची चोरी

डोंबिवली पूर्वेला सध्या एकच सर्टिफाइड डिटेक्टिव्ह आहे आणि ती मी आहे. सर्टिफिकेट मीच तयार केलंय, पण लॅमिनेशन बाहेरून करून आणलंय, म्हणजे वरून तरी ते अधिकृत आहे. नाव आसावरी, इयत्ता दहावी, नजर गरुडाची. (चष्मा आहे. गरुडाला कान असते तर त्यानेही लावला असता.) माणसाच्या चपला बघून तो कुठून आला हे मी सांगते. परवाच दाराबाहेरच्या चपला बघून मी आईला छातीठोकपणे सांगितलं, "कोकणातून पाहुणे आलेत." चपला बाबांच्या निघाल्या. पण बाबा मूळचे देवगडचे, त्यामुळे ती केस मी सुटल्यात धरते.

माझी असिस्टंट संचिता. माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. मुलगी हुशार आहे, पण तिला एक खोड आहे. प्रत्येक केसमध्ये ती म्हणते, "आसू, आपण आधी सरळ विचारून बघूया का?" मी तिला किती वेळा समजावलं की सरळ विचारायचंच असेल तर डिटेक्टिव्ह कशाला हवा?

तर, खंडेनवमी. सकाळी मी तिसऱ्या मजल्यावर चित्राकाकूंकडे गेलेले. आमच्या बिल्डिंगची सगळी पोरं आपली पुस्तकं त्यांच्याकडेच पूजेला देतात, कारण दसऱ्याला तिकडे घरचं श्रीखंड असतं. एकदा पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायची नाही, हा काकूंचा कडक नियम. म्हणून गणिताचं पुस्तक मी दरवर्षी न चुकता नेऊन देते. या वर्षी सोबत माझं भिंगही दिलं. नवमीला शस्त्रांची पूजा करतात आणि माझं शस्त्र तेच.

चौरंगावर काकूंची विळी, कात्री, काकांचा पाना, पोरांच्या कंपासपेट्या आणि सगळ्यांवर झेंडूच झेंडू. जागाच उरलेली नव्हती. शेवटी झेंडूच्या एका मोठ्या ढिगाला भिंग टेकवून उभं केलं, नमस्कार केला, खोबऱ्याचा प्रसाद घेतला आणि घरी आले.

दुपारी काकूंच्या मिस्टरांचा, म्हणजे सुधीरकाकांचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"आसावरी, हेडसेट गेला गं."

आता इथे थोडा इतिहास सांगावा लागेल. सुधीरकाका दिसायला अगदी साधे, गॅलरीत बसून कुंड्यांशी बोलणारे. पण तरुणपणी त्यांनी घरात बसून एक कॉम्प्युटर गेम बनवलेला, 'भुयार'. राघो नावाचा मुलगा हातात कंदील घेऊन गडाखालच्या भुयारात शिरतो, एवढीच गोष्ट. पण कल्याण-डोंबिवलीच्या सायबर कॅफेत पोरं शाळा बुडवून तो खेळायची म्हणे. तीन भाग आले. तिसऱ्याच्या शेवटी राघो एका बंद दारापाशी पोचतो, दार किंचित किलकिलं होतं, आणि संपलं! चौथा भाग आलाच नाही. सीडी विकणारी दुकानं बंद पडली, काकांनी नोकरी धरली. राघो माझ्या जन्माच्या आधीपासून त्या दारात कंदील धरून उभा आहे. आमची लिफ्टसुद्धा एवढी अडकलेली नाही.

आणि आता अचानक ठाण्याला माजिवड्याच्या एका कंपनीने काकांना गाठलं. आम्ही चौथा भाग काढतो, म्हणाले, पण फक्त व्हीआर हेडसेटवर. म्हणजे तो डोळ्यांवर चढवायचा डबा असतो ना, घातला की आपण थेट गेमच्या आतच उभे, तो. कॉम्प्युटरवर नाही, फोनवर नाही, फक्त डब्यात. कंपनीने एक हेडसेट ट्रायलला ठेवलेला आणि दसऱ्याच्या सकाळी काकांनी हो की नाही ते सांगायचं होतं.

खरं सांगते, मी तो घातलेला. आईशप्पथ, भारी होतं! कंदिलाचा उजेड माझ्याच हातातून पडत होता, मागून पाण्याचा थेंब टपकला तर मी खरंच मान वळवली. काका तर तो घालून बराच वेळ नुसते उभेच राहिलेले. काढला तेव्हा डोळे पुसत म्हणाले, "मी एवढंसं काढलं होतं गं, चौकोन-चौकोन जोडून. ही भिंत अशी ओली असेल हे मलाच माहीत नव्हतं." काकूंनी मात्र घातला आणि लगेच लिंबूसरबत घेऊन सोफ्यावर आडव्या. त्यांना कल्याण-भिवंडी रिक्षातही गरगरतं.

"मी सकाळी झेंडू आणायला गेलो, तेव्हा टेबलावर होता," काका फोनवर सांगत होते. "आलो तर नाही. उद्या त्या कंपनीच्या बाई येणार. आणि हे बघ, चित्राला कळता कामा नये. ती म्हणेल, यांना एक वस्तू सांभाळता येत नाही. ते खरंच आहे, पण सणाचं कशाला ऐकून घेऊ?"

"काका, निश्चिंत राहा," मी म्हणाले. "काकूंना वाराही लागणार नाही."

संचिता लगेच कानाशी कुजबुजली, "पण घरात त्याच होत्या ना? आपण सरळ त्यांनाच..."

"संचिता. क्लायंटची अट."

आम्ही घटनास्थळी पोचलो. मी जमिनीवर पालथी पडून टेबलाखाली बघत होते, तेवढ्यात काकू आतून आल्या.

"काय गं, काय शोधताय?"

"काही नाही काकू! सूर्यनमस्कार. पीटीचा गृहपाठ."

"टेबलाखाली?" काकूंनी आमच्या हातात कडाकण्या ठेवल्या आणि परत आत गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जराही संशय नव्हता. मी किती सफाईने खोटं बोलते ते यावरून कळावं.

माझ्या डोक्यात पहिली थिअरी तयार होती. गुन्ह्यात आधी बघायचं, फायदा कोणाचा? हेडसेट गायब झाला तर फायदा त्याचा, ज्याला 'भुयार' हेडसेटवर नकोय. म्हणजेच सर्वेशदादा! हा आंबिवलीचा. पूर्वी त्याचं सायबर कॅफे होतं, आता तिथे झेरॉक्स काढतो. 'भुयार'च्या जुन्या चाहत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्याचा ॲडमिन. इतकी वर्षं त्या ग्रुपवर शुभ सकाळशिवाय काही येत नव्हतं. गेम परत येतोय कळल्यावर दोन तट पडले. एक म्हणे, राघोला डब्यात कोंडणाऱ्यांचा निषेध. दुसरा म्हणे, काळाबरोबर चला. गंमत म्हणजे दोन्ही तटांत मिळून अर्ध्यांनी तो गेम तिसऱ्या भागापर्यंत खेळलेलाच नव्हता. आणि सर्वेशदादाने तर आदल्या दिवशीच जाहीर टाकलेलं, 'हेडसेट माझ्या हाती लागला तर उल्हास नदीत बुडवीन.'

आंबिवलीला त्याच्या दुकानात शिरलो तेव्हा त्याने काउंटरखाली काहीतरी पायाने सारलं. मी गरुडनजरेने टिपलं.

"दादा, काउंटरखाली काय आहे?"

"कागद. ए-फोर."

"कागदाला पट्टे असतात?"

संचिता तोवर वाकून बघूनही आलेली. "आसू, हेडसेटच आहे."

"हातकड्या!" मी ओरडले. आमच्याकडे हातकड्या नाहीत, पण म्हणायला काय जातं.

"ए, हळू बोल ना यार!" सर्वेशदादा घामाघूम. "हा माझा आहे. माझा स्वतःचा. हप्त्यावर घेतलाय. ग्रुपवर सांगू नका प्लीज!"

"म्हणजे तू वर निषेध करतोस आणि खाली हेडसेट ठेवतोस?"

"मग? अभ्यास केल्याशिवाय निषेध कसा करणार?"

"आणि आवडला?" संचिताने विचारलं.

तो हळूच म्हणाला, "आवडला गं. तोच तर प्रॉब्लेम आहे. पण ग्रुपमधल्या कितीजणांना जमणार हे? माझ्या मित्रांकडे पोरांच्या क्लासचं टेन्शन, हा डबा कुठून आणणार? आम्ही राघोला एका कॉम्प्युटरवर चौघं मिळून खेळायचो. एक बाण दाबायचा, एक स्पेस, दोघं नुसते ओरडायला. डब्यात चौघं कसे घुसणार?"

प्रश्न बरोबर होता, पण माझ्या केसच्या काही कामाचा नव्हता. मी पुढे सरकले.

थिअरी दोन, उत्तमकाका. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. रविवारी ट्रायलच्या वेळी भुयारातलं वटवाघूळ अंगावर आलं तेव्हा त्यांनी त्याला असा काही ठोसा लगावला की काकूंच्या फ्रिजला पोचा आला. हेतू सरळ आहे, अपमानाचा बदला! त्यातून नवमीला ते उजव्या हातावर नॅपकिन टाकून जिन्यातून जाताना दिसले. आत काय लपवलंय?

"उत्तमकाका, नॅपकिन काढा!"

त्यांनी काढला. आत सुजलेली बोटं होती, भोपळ्याएवढी.

"फ्रिजची चौकशी सगळे करतात," ते दुखऱ्या आवाजात म्हणाले. "माझ्या हाताची कोणी केली का?"

परत तिसऱ्या मजल्यावर. या वेळी मी फ्रिजच्या मागे होते.

"अगं, काय शोधताय तरी काय?" काकू.

"काही नाही काकू! फ्रिजची सहानुभूतीपूर्वक भेट."

"विचित्र पोरी आहात," म्हणत त्यांनी देवासमोरचा प्रसाद हातावर ठेवला. आम्ही चौरंगाला पुन्हा नमस्कार केला. मी तर देवीला नवसच बोलले, हेडसेट मिळू दे. डोळे मिटून बोलले. तिथेच चुकलं.

रात्रभर विचार करून सकाळी उठले ती थेट उत्तर घेऊनच. दसऱ्याला नवा ड्रेस घालून मी काकूंच्या हॉलमध्ये सगळ्यांना जमवलं. काका, उत्तमकाका, संचिता, आणि सर्वेशदादाही, जो श्रीखंडासाठी आलेला पण निषेधासाठी आलोय म्हणत होता. काकू आत पुऱ्या तळत होत्या.

"सज्जनहो," मी दबक्या आवाजात सुरू केलं, "घराचं कुलूप तुटलेलं नाही. बाहेरचं कोणी आलं नाही. म्हणजे चोर घरातलाच आहे. ज्याला उत्तर द्यायचं टाळायचं आहे, तोच." मी बोट रोखलं. "सुधीरकाका! तुम्ही!"

आतून पुरी फुगल्याचा आवाज.

"मी नाही घेतला गं," काका म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले. "पण हरवला तेव्हा बरं वाटलं, हे खरं आहे."

"का?" संचिताने विचारलं. बघा, प्रश्न विचारतेच ती.

"अगं, 'भुयार' पहिल्यांदा खेळली कोण? चित्रा. रोज ऑफिसहून आल्यावर पदर खोचून बसायची आणि माझ्या चुका काढायची. इथे राघो अडकतो, तिथे उजेड कमी पडतो. ते शेवटचं दारही तिनेच सुचवलेलं. म्हणाली, त्याला एवढ्यात बाहेर काढू नका. आता तो बाहेर येणार आणि ती सरबत घेऊन सोफ्यावर? पण नाही म्हटलं तर तो तिथेच राहणार. माझं वय काय आता, परत कोण विचारायला येणार?"

तेवढ्यात बेल वाजली. कंपनीच्या ऐश्वर्याताई आलेल्या. कुडता, गजरा, पाठीला लॅपटॉपची बॅग. काका उभे राहून काहीतरी कबूल करणार, तोच त्या म्हणाल्या, "एक मिनिट हं काका, आधी देवाला नमस्कार करते." चप्पल काढली, चौरंगासमोर वाकल्या आणि टाळी वाजवून हसल्या.

"अय्या! आमच्या हेडसेटची पण पूजा केलीत? किती गोड!"

आम्ही सगळे चौरंगाकडे बघत राहिलो. त्या मोठ्या झेंडूच्या ढिगाखालून काळे पट्टे लोंबत होते. हेडसेटच्या काचांवर हळदीकुंकू. आणि त्याला टेकवून, दिमाखात उभं, माझं भिंग.

काकू झारा घेऊन बाहेर आल्या. "मग? घरातल्या सगळ्या यंत्रांची करायची असते. टेबलावर होता, म्हटलं ह्यांच्या नव्या कामाचं यंत्र, पहिलं हेच ठेवू. का? काय झालं?"

"चित्रा, आम्ही कालपासून हाच शोधतोय!"

"मग विचारायचं नाही?"

संचिताने माझ्याकडे बघितलं. ते लागलं.

काकूंनी उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या, चौरंग जरा हलवला आणि एकेक वस्तू उचलायला लागल्या. हेडसेट निघाला, आणि त्याच्या शेजारून, झेंडूखालूनच, एक जुना पिवळट कीबोर्ड. बाणाच्या चारही बटणांवरची खूण पार झिजलेली.

"हा अजून आहे?" काका.

"दरवर्षी पूजेला असतो. तुम्ही बघता कधी?" काकू त्यावरचं कुंकू पुसत म्हणाल्या. "वापरातल्या वस्तूची पूजा करतात, मला ठाऊक आहे. पण राघो दारात उभा आहे ना अजून. त्याला बाहेर काढेपर्यंत हा वापरातलाच."

काका काही क्षण उभेच राहिले, अगदी हेडसेटमध्ये राहिलेले तसे. मग ऐश्वर्याताईंकडे वळले. "हेडसेटवर काढा. सुंदर होईल. पण कीबोर्डवरही काढायचा. 'फक्त' चालणार नाही."

"काका, 'फक्त' सोडायला साहेब तयार नाहीत हो. त्यावरच तर सगळं आहे."

"मग राघो अजून थांबेल. त्याला सवय आहे."

"आणि बाई," काकू म्हणाल्या, "आज सोनं वाटायचा दिवस. आपट्याची पानं काय फक्त गाडीतून येणाऱ्यांनाच देतात का?"

सर्वेशदादाने टाळ्या वाजवल्या. हाताला श्रीखंड होतं, त्यामुळे आवाज झाला नाही.

ऐश्वर्याताई फोन घेऊन गॅलरीत गेल्या. आम्ही सगळे दाराला कान लावून. "नाही सर... हो सर, ऐकत नाहीत... सर, त्यांनी त्याची पूजा केलीय सर... हो, झेंडूने... कीबोर्डची पण... फोटो? आत्ता?"

फोटोसाठी काकूंनी सगळं पुन्हा मांडलं. कीबोर्ड, हेडसेट, वर झेंडू, मागे सरस्वतीची पाटी. माझं भिंगही कोपऱ्यात आलं. थोड्या वेळाने फोन वाजला.

"साहेब खूश आहेत," ऐश्वर्याताई म्हणाल्या. "म्हणाले, जाहिरातीला याहून चांगला फोटो मिळणार नाही. आणि कीबोर्ड त्यात एवढा मधोमध आलाय की कापता येत नाही. म्हणजे आता दोन्हीवर काढणं आलंच."

काकांनी ऐश्वर्याताईंच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. त्यांनी ते नमस्कार करून घेतलं. मघाशी हेडसेट घालून तपासताना त्यांच्या नाकाला त्याचं कुंकू लागलेलं, पण कोणी सांगितलं नाही. काकू तोवर जुन्या कॉम्प्युटरची धूळ झटकून कीबोर्ड जोडत होत्या, पदर खोचून.

केस सुटली. कोणी सोडवली यावर आमच्या बिल्डिंगमध्ये मतभेद आहेत. पण पुराव्याला सर्वांत जवळ माझंच भिंग होतं, हे तर फोटोतही दिसतंय.

मी ते उचलून पुसलं. काकूंनी गणिताचं पुस्तकही हातात दिलं.