पाली विषय घेऊन

रतिलालभाऊंनी अर्ज डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग चष्मा पुसून पुन्हा जवळ आणला. समोर प्रशील खुर्चीच्या टोकावर बसला होता. आजवर ज्यांनी ज्यांनी तो अर्ज वाचला होता, त्या सगळ्यांचं बोट नेमकं त्याच ओळीवर येऊन थांबलं होतं. एम. ए., विषय पाली. जळगावच्या गाड्यांच्या शोरूमवाल्यानं ‘टॅली येतं का’ एवढंच विचारून अर्ज परत केला होता. एरंडोलच्या एका पतसंस्थेतल्या साहेबांनी तर ‘कॉमर्स का नाही केलं’ हे इतक्या दुखऱ्या आवाजात विचारलं होतं, की प्रशीलला त्यांचीच समजूत काढावीशी वाटली.

बुद्धाचं बोलणं जिच्यात जपलं गेलं, त्या भाषेवर प्रशीलचा जीव होता. प्राध्यापकीची परीक्षाही तो पास झाला होता. पण त्या भाषेची जागा निघेल तेव्हा निघेल, तोवर भडगावला घरी बसून आईच्या हातच्या भाकरी किती दिवस खायच्या? म्हणून मित्र समाधान म्हणाला तसा तो धुळ्याला आला. समाधान रसायनशास्त्राचा पदवीधर, आणि धुळ्याच्या बसस्थानकासमोर मोबाइलच्या फुटक्या काचा बदलायचा. शिक्षण एका खिशात आणि नोकरी दुसऱ्या खिशात ठेवायची, दोन्हींची गाठ घालून द्यायची नाही, असं त्याचं मत होतं. रतिलालभाऊंचा धंदा घरोघरी झुरळं, ढेकूण, वाळवी घालवण्याचा. त्यांना पदवीधर सुपरवायझर हवा होता. कशातला पदवीधर, ते जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं.

“पाली,” रतिलालभाऊ हळूच म्हणाले. “म्हणजे पूर्ण एम. ए.च पालीवर?”

“हो. बी. ए.लाही हाच विषय होता. धरलं तर पाच वर्षं.”

“घरचे काही बोलले नाहीत?”

“उलट घरातच आवड. आमच्याकडे पाली पहिल्यापासून आहे. वडील रोज सकाळी उठले की आधी पाली, मग चहा.”

रतिलालभाऊ जरा मागे टेकले. “आहे तर सगळ्यांच्याच घरात. पण एवढं बारकाईनं कोण बघतं?”

प्रशीलला भरून आलं. इतक्या वर्षांत एखाद्या धंदेवाल्या माणसानं असं बोलावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. त्याला राहवलं नाही. “लोक म्हणतात, मेली ती. पण नाही मेलेली. श्रीलंकेत जा, ब्रह्मदेशात जा, अजून जिवंत आहे.”

“मेली वाटते, पण नसते,” रतिलालभाऊंनी गंभीरपणे मान हलवली. “हा तर आमचा रोजचा अनुभव. सोमवारपासून या तुम्ही.”

कॉलेजात प्रशीलची भिंतीवरच्या पालींवरून पोटभर चेष्टा झाली होती. पण ती पोरांची चेष्टा. साठीला आलेला एक शहाणासुरता माणूस ती गोष्ट मनापासून खरी मानेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. बाहेर पडल्या पडल्या त्यानं घरी फोन लावला आणि आबांना सांगितलं, की नोकरी लागली, आणि आपल्या विषयामुळेच लागली.

आबा, म्हणजे पितांबर, भडगावच्या एका शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झाले होते. मुलाला हा विषय घेऊ दिला म्हणून आळीत त्यांनी बरंच ऐकून घेतलं होतं. फोनवर ते ‘बरं झालं’ एवढंच म्हणाले. संध्याकाळी विहारात वंदना संपल्यावर मात्र सगळे सतरंज्या गुंडाळत असताना त्यांनी ती बातमी अगदी सहज, कानाकोपऱ्यात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली.

तिसऱ्या दिवशी रतिलालभाऊंनी प्रशीलपुढे व्हिजिटिंग कार्डांचा डबा ठेवला. वर प्रशीलचं नाव, खाली एम. ए. (पाली), त्याखाली ‘मुख्य पाल-तज्ज्ञ’, आणि कोपऱ्यात लाल फुली मारलेली एक जाडजूड पाल. प्रशील त्या कार्डाकडे पाहतच राहिला. मुलाखतीतलं एकेक वाक्य उलट पावलांनी त्याच्याकडे चालत येऊ लागलं.

“चित्र बरोबर आहे ना?” रतिलालभाऊंनी काळजीनं विचारलं. “शेपटाबिपटात चूक असेल तर सांगा. तपासणारे तुम्हीच.”

शेपूट बरोबर आहे, असं प्रशील म्हणाला. त्याच संध्याकाळी खरं काय ते सांगून टाकायचं असं त्यानं ठरवलं, पण त्याआधी आईचा, आक्काबाईचा, फोन आला. शेजारच्या शिल्पाच्या वडिलांनी शिल्पाचं नाव कॉमर्समधून काढून पाली विषयाला घातलं होतं. मागच्या गल्लीतले आणखी दोघं विचारून गेले होते. आळीतला पहिला माणूस असा, की जे शिकला त्याच्यावरच पोटाला लागला, असं सगळे म्हणत होते. आई बोलत होती आणि प्रशील कार्डावरच्या पालीकडे बघत होता. समाधानला विचारलं, तर त्यानं काच पुसत सल्ला दिला, की पहिला पगार होईपर्यंत तोंड उघडू नकोस.

मग कामाला जाणं आलं. एक गोष्ट प्रशीलनं पहिल्याच कामाच्या वेळी निक्षून सांगितली, की आपण जीव मारणार नाही. जीवहिंसा करायची नाही, हे वंदनेत तो बोलायला लागल्यापासून रोज म्हणत आला होता. हा तज्ज्ञांचा काही नवीन नियम असावा, असं समजून रतिलालभाऊंनी लगेच मान्य केलं. झुरळांच्या पंपाला प्रशील हात लावायचा नाही. पालीसाठी त्यानं आपली एक रीत काढली. लांब दांड्याच्या झाडूनं तिला हलकेच खाली उतरवायचं, वर श्रीखंडाचा रिकामा डबा पालथा घालायचा, आणि खालून जाड लग्नपत्रिका सरकवायची. डबा उचलायचा, की झालं. घरात ना वास, ना मेलेली पाल कपाटामागे पडून राहण्याची भीती. धुळ्यातल्या गृहिणींना हे फार पसंत पडलं. फोन वाढले. रतिलालभाऊंनी पाच रिक्षांच्या पाठीवर फलक लावले: ‘पालींचा त्रास? खान्देशातले पहिले एम. ए. (पाली) तज्ज्ञ आता आपल्या दारी!’ आपलं नाव आग्रा रोडवरून फिरताना दिसलं, की प्रशील दुकानांच्या पायऱ्या चढून आडोसा शोधायचा.

महिना भरत आला, तेव्हा आबांचा निरोप आला. गुरुवारी धुळ्याला येतो, तुझं ऑफिस बघतो. ऊन फार आहे, असं प्रशीलनं सांगून पाहिलं. आबा म्हणाले, ऊन भडगावलाही आहे, आणि आपल्याला तिकीट अर्धं आहे.

गुरुवारी सकाळी नेमकं देवपुरातलं काम निघालं. लताबाई नावाच्या बाईंच्या घरी, स्वयंपाकघरात. प्रशीलला घाई होती. आबांच्या आधी ऑफिसात पोचून रिक्षांचं काहीतरी करावं, असा त्याचा विचार होता. लताबाईंनी दार उघडलं आणि बोटानं आत दाखवलं. आत जेवणाच्या टेबलावर एक वृद्ध गृहस्थ उभे होते. हातात वर्तमानपत्राची गुंडाळी, धोतर पोटऱ्यांपर्यंत वर घेतलेलं. भिंतीवर ट्यूबलाइटशेजारी पाल.

“हे आमचे सर,” लताबाईंनी नवऱ्याची ओळख करून दिली. “नवलसर. कॉलेजात प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख होते.”

प्रशीलनं दाराकडे पाहिलं. आता सुटका नव्हती. नवलसरांनी टेबलावरूनच त्याचं कार्ड मागून घेतलं आणि वाचलं.

“एम. ए.?” ते म्हणाले. “पालीचं एम. ए. कसं असेल? एम. एस्सी. असेल. ही जात कोणती, सांगा बरं.”

प्रशीलनं पालीकडे पाहिलं. पालीनं प्रशीलकडे पाहिलं. दोघांपैकी कुणालाच काही सुचलं नाही.

“हेमिडॅक्टिलस,” सरांनीच सांगितलं. “पुढं? पायांना काय असतं, ज्यानं ती चिकटते?”

महिनाभर प्रशीलच्या छातीवर जो दगड होता, तो त्या क्षणी त्याला पेलेनासा झाला. तो म्हणाला, “सर, मला खरंच माहीत नाही. माझी पाली म्हणजे भाषा. मालकांचा गैरसमज झाला आणि माझ्याच्यानं सांगणं झालं नाही.”

नवलसर काही बोलणार, इतक्यात पाल ट्यूबलाइटवरून थोडी खाली सरकली. सर टेबलावरच मागे सरकून फ्रिजला लगटून उभे राहिले. मग अगदी वेगळ्या, बारीक आवाजात म्हणाले, “ते नंतर बघू. आधी तिला घ्या.”

प्रशीलनं झाडू फिरवला, डबा घातला, पत्रिका सरकवली. पुरतं मिनिटही लागलं नाही. सर खाली उतरले, धोतर सारखं केलं आणि खुर्चीत बसले. एकतीस वर्षं शिकवलं, ते म्हणाले, पण सगळं बरणीतलं. बरणीतली पाल हलत नाही. जिवंत पालीला आपण आयुष्यात हात लावलेला नाही, आणि हे लताबाई सोडून कुणाला माहीत नाही. तुझं मी बोलणार नाही, माझं तू बोलू नकोस, असा करार करून त्यांनी प्रशीलला आग्रहानं सरबत पाजलं.

करार दोघांचा झाला होता. लताबाईंचा त्यात समावेश नव्हता. प्रशील जिना उतरत होता, तेवढ्यात त्यांनी रतिलालभाऊंना फोन करून मनापासून कौतुक कळवलं, की पाली भाषेत एवढा शिकलेला मुलगा, पण कामाला किती नम्र.

प्रशील ऑफिसात पोचला, तेव्हा बाहेरच्या बाकावर आबा बसले होते. हातात चहाचा पेला, मांडीवर पिशवी. मुलाकडे पाहून त्यांनी मान हलवली, पण काही बोलले नाहीत. आतून रतिलालभाऊंनी हाक मारली, त्याला आत घेतलं आणि दार लोटलं.

“भाषा?” त्यांनी विचारलं.

“हो,” प्रशील म्हणाला.

“म्हणजे पालींतलं तुम्हाला काहीच येत नाही?”

“नाही.”

“आपल्या औषधांतलं?”

“त्यातलंही नाही.”

रतिलालभाऊ खुर्चीत खाली खाली घसरत गेले. त्यांनी डोळे मिटले. प्रशीलला वाटलं, रक्तदाब वाढला. तो पाणी आणायला वळला, तेव्हा मागून मोठा उसासा ऐकू आला.

“अरे, मग आधी सांगायचं ना भाऊ!” महिनाभरात ते पहिल्यांदाच त्याला अरेतुरे करत होते. “मी महिनाभर धड झोपेल नाही. मी कोण? आयटीआयचा टर्नर. कारखाना बंद पडला म्हणून या धंद्यात आलो. पालीचं औषध म्हणून जे देतो ना, ते तंबाखूचं पाणी आन्‌ लाल तिखट. बस. घरी मोरीत बसून बनवतो. म्हटलं, हा पाच वर्षं शिकेल माणूस, एक दिवस बाटलीचा वास घेईल आन्‌ माझं दुकान बंद करेल. तू काही विचारायचा नाहीस, तर मला वाटायचं, हा पुरावा जमा करतोय.”

“मग आता?” प्रशीलनं विचारलं.

“आता काय? तुझ्या डब्यानं पाल जाते, माझ्या बाटलीनं कधी गेली नाही. नोकरी आहे तशीच. ते ‘तज्ज्ञ’ तेवढं रिक्षावरून खोडतो. एम. ए. राहू देऊ. ते खरं आहे.”

प्रशील आबांना घेऊन बसस्थानकाकडे निघाला. अंगावरून ओझं उतरलं होतं, पण अर्धंच. वाटेत त्यानं आबांना सगळं सांगितलं, अगदी पहिल्या दिवसापासून, मध्ये काही न लपवता. आबा ऐकत राहिले. मग म्हणाले, की सकाळी बसस्थानकावरून ते त्या फलकवाल्या रिक्षांपैकीच एकीतून आले होते. फलक त्यांनी दोनदा वाचला. रिक्षावाल्याला सांगितलंही, की हा माझा मुलगा. त्यानं भाड्यात चहाचे पैसे सोडले. शिल्पाचं म्हणशील, तर तिला कॉमर्स नकोच होतं. रोज संध्याकाळी त्यांच्याकडे पुस्तक घेऊन येते आणि उच्चार त्यांच्यापेक्षा स्वच्छ करते. तिच्या बापाला आपण समजावतो, काही बिघडत नाही.

“मग तुम्ही बाकावर एवढे गप्प का होता?” प्रशीलनं विचारलं.

आबा थांबले. इतका वेळ अडवून धरलेलं विचारायला त्यांनी घरची बोली घेतली.

“तू त्यास्ले मारस का रे?”

“नही, आबा. डबामा धरस आन्‌ पांझरा नदीना काठवर सोडी देस.”

“आन्‌ झुरळं?”

“ते काम दुसरा माणूस करस.”

आबांनी झुरळांवर थोडा वेळ विचार केला, आणि तो विषय मनातल्या मनात सोडून दिला. सकाळपासून आवळून धरलेली पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. चाळीसगावकडून आलेली बस फलाटाला लागत होती, तिच्याकडे त्यांनी नजरही टाकली नाही. चेहरा असा मोकळा झाला होता, की प्रशीलला ते एकदम दहा वर्षांनी लहान वाटले.

भडगावची गाडी लागली, तेव्हा आबा खिडकीशी बसले. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी काच सरकवून मान बाहेर काढली. चारचौघांत बोलायचं की नाही, असा विचार करून शेवटी आवाज खाली आणला.

“पौर्णिमेले घर येशी ना, तवय तो डबा लई ये,” ते म्हणाले. “आपली मोरीमा दोन पाली शेतस. तुनी माय आठ दिवसपासून माले मोरीमा आधी धाडस. आन्‌ माले बी भ्याव वाटस.”