सतरा नंबरची खुर्ची

हेझलच्या व्हरांड्यात जुन्या चेअरलिफ्टची खुर्ची टांगली गेली, त्या दिवसापासून समोरच्या घरातल्या व्हर्नाला कॉफी गोड लागेना. दोन चमचे साखर वाढवून पाहिली, उपयोग शून्य.

जळफळाट होणार नाही तर काय? स्कीवाल्यांना केबलवरून गावच्या टेकडीवर नेणारी ती लिफ्ट तीस वर्षं व्हर्नाने सांभाळली होती. कडाक्याच्या थंडीत खांबांवर चढून चाकं बदलली होती. धावत्या गाडीतून नुसता खांब दिसला, तरी लिफ्ट कुठल्या दशकातली ते ती सांगायची. ती लिफ्ट मोडीत निघाली तेव्हा खुर्च्यांसाठी गावाच्या सभेत चिठ्ठ्या टाकल्या. व्हर्नाची निघालीच नाही. निघाली हेझलची, जी बल्ब बदलायलासुद्धा स्टुलावर चढत नाही!

शनिवारी येणारे-जाणारे गाड्या थांबवून खुर्चीचे फोटो काढू लागले. मग व्हर्नाने दुकानात सांगून टाकलं, की ती खुर्ची मुळी आपल्या टेकडीची नाहीच. नंबराची पट्टी नवी, केबलला धरणारी पकड गायब, कुठल्या तरी भंगारातली असणार. लिफ्टच्या बाबतीत गावात व्हर्नाचा शब्द शेवटचा. लायब्ररीने प्रदर्शनात लावलेला खुर्चीचा फोटो उतरवला, आणि रस्त्यात व्हर्ना दिसली की हेझल मान फिरवू लागली.

खरं सांगायचं तर व्हर्नाची स्वतःची खात्री नव्हती. म्हणून चर्चमध्ये हॅमचं गावजेवण होतं त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला डोकेदुखीचं कारण सांगितलं, आणि सगळे गेल्यावर व्हरमाँटच्या एप्रिलमधल्या, बर्फ वितळून झालेल्या चिखलातून बूट ओढत रस्ता ओलांडला. खुर्चीच्या पट्ट्या मोजल्या, जोड चाचपले. मग जरा बसून पाहिलं. आणि बसल्या बसल्या, तीस वर्षांच्या सवयीने, डोक्यावरचा सुरक्षेचा आडवा दांडा खाली ओढला.

खट्.

दांडा मांड्यांवर अडकला, आणि व्हर्ना आत. असा अडकणारा दांडा अख्ख्या लिफ्टवर एकाच खुर्चीला होता, सतरा नंबरच्या. झाडाची फांदी पडून तो वाकला होता आणि व्हर्नानेच घाईघाईत तो सरळ करून जोडला होता. सोडवायची युक्तीही तिलाच ठाऊक. ती आता युक्ती करणार, तोच हेझलची गाडी दारात उभी राहिली. जेवणासाठी केलेला ॲपल पाय घरीच विसरला म्हणून ती परत आली होती.

"डोकं दुखतंय ना गं तुझं?" हेझलने शांतपणे विचारलं.

"दुखतंयच. म्हणून जरा टेकले."

"भंगारात?"

युक्ती केली असती तर आपलाच शब्द खोटा पडला असता, म्हणून व्हर्ना तशीच अडकून राहिली. हेझलने दांडा ओढून पाहिला, त्याला लोंबकळून पाहिलं, आणि शेवटी अग्निशमनवाल्या लॅमाँटला फोन केला. तो चर्चमधून जेवता जेवता उठला, आणि त्याच्यामागे अर्धं गाव ताटं घेऊन आलं. व्हर्नाचा नवरासुद्धा. त्याच्या ताटात बटाटे होते.

लॅमाँटने लोखंड कापायचं यंत्र काढलं. "व्हर्नाकाकू, हलू नका हां. दोन मिनिटांचं काम."

"काप बाबा," हेझल म्हणाली. "नाहीतरी खोटीच आहे ना ती." पण बोलताना तिने खुर्चीच्या पट्टीवर तळहात ठेवला होता, आणि तो तिच्याने काढवत नव्हता.

आता गप्प राहिलं तर शब्द शाबूत, पण सतरा नंबरचे दोन तुकडे. यंत्र घरघरलं.

"थांब रे," व्हर्ना म्हणाली. उजव्या खांद्याने दांडा रेटला, डाव्या टाचेने खालून एक सणसणीत लाथ घातली. दांडा आज्ञाधारक मुलासारखा वर गेला.

ताटांवरचे काटे थांबले.

"सतराच आहे," व्हर्ना पुटपुटली. "दुसऱ्या कुठल्या खुर्चीला एवढा माज नव्हता. जळत होते गं मी."

हेझलने आत जाऊन तो ॲपल पाय कापला आणि वर तिथल्या रीतीने चीजचा तुकडा ठेवून पहिली बशी व्हर्नाला दिली.

फोटो लायब्ररीत परत लागला, गर्दी दुप्पट झाली. प्रत्येक हौशी पाहुणा खुर्चीत बसतो, ऐटीत दांडा ओढतो. खट्. हेझलला व्हरांड्यातून हाक मारावी लागते, आणि फोटो निघतो तो लाथ मारणाऱ्या व्हर्नाचा. हेझल ॲप्रन आवळून बाजूला उभी असते, चेहरा आंबट.

व्हर्ना खिडकीतून हात करते, पण कॉफी संपवूनच येते. हल्ली ती बिनसाखरेची घेते.