रान वाचवा

ज्वारीचा दाणा पक्व झाला की त्याच्या बुडाशी, जिथे तो कणसाला चिकटलेला असतो तिथे, एक काळा ठिपका उमटतो. ठिपका टाचणीच्या डोक्याएवढाही नसतो. तो दिसला की झाडाने दाण्याला अन्न पुरवणे थांबवले असे समजावे. त्यापुढे पीक उभे ठेवून दाण्यात काही भर पडत नाही. झाली तर घटच होते.

मोहोळजवळच्या कुंडलिकच्या ज्वारीत यंदा हा ठिपका माघ संपता संपता उमटला. त्याची बायको विजयमाला हिने कणीस चोळून चार दाणे त्याच्या तळहातावर ठेवले.

"अवो, काढणीला आली."

कुंडलिकने दाणे पाहिले, गेटवरच्या हिरव्या पाटीकडे पाहिले आणि म्हणाला, "बघू की."

ज्वारी काढायला आल्यावर शेतकरी 'बघू' का म्हणतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कुंडलिकचे 'मातीची ओढ कृषी पर्यटन व आनंद उद्यान' सुरळीत चालले होते. थंडीत सोलापूरची कुटुंबे हुरड्याला येत, बैलगाडीत बसून फोटो काढत, मुले रबरी घसरगुंडीवर उड्या मारत. एका कोपऱ्यात जनरेटरवर चालणारा रेन डान्सही होता. ज्या भागात पावसाची वाट पाहण्यात लोकांची निम्मी हयात जाते, तिथे तो विशेष लोकप्रिय होता. मग एक मानांकन मंडळ स्थापन झाले. पर्यावरणस्नेही उद्यानांना ते एक ते पाच पाने देणार होते आणि ज्यांना पाने नाहीत, त्यांची नावे बुकिंगच्या ॲपवर अगदी तळाशी जाणार होती. पाहणीसाठी पुण्याहून अभिमन्यू नावाचे तरुण मूल्यांकक आले. त्यांनी पाणी बांबूच्या बाटलीतून प्यायले आणि पहिला प्रश्न विचारला.

"दादा, या जागी पूर्वी काय होतं?"

"रान."

"म्हणजे उद्यान व्हायच्या आधी?"

"आदीबी रानच. आत्ताबी रानच हाय की."

अभिमन्यूंनी चष्मा काढून पुसला. "आणि तुम्ही इथे कधीपासून?"

"बापजाद्यापासनं. सगळा जन्म रानातच गेला बगा. सकाळी उटलं की रान, दुपारची भाकरी रानात. आमचं लगीन ठरलं तवाबी हिच्या वडलांनी मला नंतर बगितलं, आदी रान बगितलं."

"ते बरं केलं त्यांनी," विजयमाला म्हणाली. "उलटं केलं असतं तर ठरलं नसतं."

सोलापूरकडे रान म्हणजे शेत. पुण्यात रान म्हणजे जंगल. दोघेही मराठीतच बोलत असल्यामुळे दुभाष्याची गरज कुणालाच वाटली नाही. अहवालात नोंद झाली : 'मूळ वनक्षेत्र. कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या वनात वास्तव्य करून आहे. विवाहसंबंधही वनसंपदेची पाहणी करूनच जुळवले जातात.' उद्यानाला पाच पाने मिळाली आणि गेटवर तशी हिरवी पाटी लागली. जिल्ह्यात इतकी पाने दुसऱ्या कुणाला नव्हती.

"अवो, जंगल लिवलंय त्यांनी," विजयमाला पाटी वाचून म्हणाली.

"लिवू दे की. पानं काय चावतेत व्हय?"

पाने चावत नाहीत, पण ती टिकवावी लागतात. अभिमन्यू पुन्हा आले, ते नियमावली घेऊन. वनाचे वन म्हणून जतन व्हायचे, तर त्यातील प्रत्येक गोष्टीला योग्य नाव हवे. ज्वारीची नोंद 'उंच गवत' अशी झाली. शास्त्राच्या दृष्टीने यात चूक काढता येत नाही. ज्वारी गवताच्याच कुळातली आहे. मात्र वनातील गवताला हात लावण्यास मनाई होती. राघूंचे थवे कणसांवर उतरत, ते जैवविविधतेत वाढ म्हणून मोजले गेले आणि गोफण जप्त झाली. दावणीला पंढरपुरी म्हैस होती, मैना. तिची शिंगे खांद्यांच्या मागे गेलेली पाहून अभिमन्यू दोन पावले मागे सरले आणि 'मोठा शाकाहारी वन्यप्राणी' असे लिहून त्यांनी दावे सोडायला लावले. मैना सरळ ज्वारीत शिरली. ही नैसर्गिक चराई असल्याने तिला परवानगी होती. म्हणजे पिकाला तोंड लावण्याचा अधिकार आता घरात एकट्या म्हशीला उरला होता.

"आनि धार काढायची कुनी?" विजयमालाने विचारले.

"ताई, तो पिल्लाच्या आहारात हस्तक्षेप ठरेल."

"पिल्लू कुटं हाय? तिची रेडी गाभन हाय आता!"

"मग तर फारच छान," अभिमन्यू म्हणाले. "प्रजनन सुरू आहे."

चुलीचा धूर वणव्याच्या सदरात बसत होता. परंतु मंडळाची मोजणी गेटाच्या आतली होती, त्यामुळे मार्ग निघाला. चूल गेटाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये गेली. जनरेटर बाहेर गेला, त्याची वायर आत राहिली. पाहुण्यांच्या डिझेलच्या गाड्या एसी चालू ठेवून बाहेर उभ्या राहू लागल्या आणि पाहुणे आत येऊन मोकळ्या हवेची स्तुती करू लागले. रेन डान्सचे नाव 'पर्जन्यानुभव' झाले. बोअर गेटाबाहेर असल्याने त्याचे पाणी कुणीच वापरत नव्हते असे धरण्यात आले.

गर्दी एवढी वाढली की हुरड्याचे दिवस सरले तरी लोक येतच राहिले. आता ते जंगल पाहायला आणि चुलीवरची ज्वारीची भाकरी खायला येत. विजयमाला शेडमध्ये बसून गेल्या वर्षीच्या ज्वारीच्या भाकरी थापी. शेडमधल्या पत्र्याच्या कणगीतली ज्वारी खाली खाली चालली होती. पुढच्या वर्षभराची घरची भाकरी आणि मैनेचा कडबा, दोन्ही त्या उंच गवतात उभे होते.

"आज काढायची का?" ती विचारी.

"बघू की. अभिमन्यू सायबांला इचारतो."

"जवारी माजी. सायबांला कशाला इचारताय?"

"अगं, पानं जातील."

"पानं गेली तर पाटी उगडी पडंल. कनसं गेली तर काय खायचं?"

कुंडलिकने खरोखरच विचारले. मंडळाने सहानुभूतीने उत्तर दिले की वनातील गवत काढण्याचा प्रश्न एकट्या कुंडलिकचा नाही, तो समाजाचा आहे. सबब लोकमत घेण्यात येईल. 'रान वाचवा' या मथळ्याखाली एक लिंक तयार झाली. त्यात वाऱ्यावर डुलणाऱ्या ज्वारीचा सूर्यास्तातला फोटो होता आणि खाली एक वाक्य : 'हे सारे मुळासकट उपटले जाणार आहे. तुम्ही गप्प बसणार का?' वाक्य खोटे नव्हते. आपल्याकडे ज्वारी काढतात ती मुळासकट उपटूनच.

लोक गप्प बसले नाहीत. लिंक सोलापूरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर गेली, तिथून पुण्यात, तिथून परदेशातल्या भाच्यांकडे. ती तुमच्याही फोनवर आली होती. तुम्ही कामात होता, फोटो सुंदर होता आणि सही करायला एकदाच बोट लावायचे होते. पुढच्या तिघांना पाठवल्याशिवाय सही नोंदली जाणार नाही असे लिहिलेले होते, म्हणून तुम्ही तेही केले.

निकाल जाहीर करायला अभिमन्यू रविवारी आले. वारा सुटला होता. ज्वारीची वाळलेली ताटे एकमेकांवर घासून खरखर वाजत होती, काही आडवी झाली होती, आणि राघू इतके झाले होते की गवतच हिरवे झाले आहे असे पाहुण्यांना वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या. कुंडलिक बांधावर उभा होता. पायाशी दाण्यांचा सडा पडला होता, तो त्याने बोटांनी सारखा केला, उचलला मात्र नाही.

सोलापूरच्या नव्या पेठेत कापडाचे दुकान असलेले शिवराजशेठ, त्यांची पत्नी कीर्ती आणि मुलगी आरोही गेटाबाहेरच्या शेडमध्ये जेवायला बसले होते. शेठ दर रविवारचे गिऱ्हाईक.

"आम्ही तिघांनीपण सही केली बरं का, वहिनी," कीर्ती म्हणाली. "आरोहीनं तर शाळेच्या ग्रुपवर टाकलं. उपटणार म्हणे सगळं! कोण असतील हो असले लोक?"

"आमीच," विजयमाला म्हणाली.

कीर्ती हसली. तिला ते विनोदासारखे वाटले.

"लोकमत अतिशय स्पष्ट आहे," अभिमन्यूंनी शेडच्या दारात येऊन सांगितले. "विरोधात एकच मत पडलं."

"ते माजं," विजयमाला तवा पुसत म्हणाली.

"कुंडलिकराव, अभिनंदन!" शेठ म्हणाले. "जिंकलो की आपण. या खुशीत वहिनी, अजून एक भाकरी येऊ द्या. कडक पापुद्र्याची. शहरात असली मिळत नाही बघा."

"संपली."

"मग थापा की एक. आम्हाला काय घाई आहे?"

"पीट न्हाय."

"दळून आणा की हो. आम्ही थांबतो."

विजयमालाने कणगीवरचे झाकण काढून बाजूला ठेवले. आत डोकावायला कुणीच उठले नाही. मग तिने हात लांब करून वाऱ्यात खरखरणारे उंच गवत दाखवले.

"पीट तितं उबं हाय, शेठ. तुमीच वाचवलंय."

शेठ तिकडे पाहत राहिले. मग त्यांनी हळूच कीर्तीकडे पाहिले. कीर्तीने आरोहीकडे पाहिले. आरोहीने फोन पालथा ठेवला.

"हे भाकरीचं गवत आहे?" अभिमन्यूंनी विचारले. "दादा, पण तुम्ही तर म्हणाला होता की हे रान आहे."

"रानच हाय," कुंडलिक म्हणाला. तो बांधावरून केव्हा आला कुणाला कळले नव्हते. त्याच्या मुठीत दाणे होते. मूठ उघडून त्याने त्यांच्या बुडाचे काळे ठिपके एकदा पाहिले, दाणे कणगीत टाकले आणि रिकाम्या कणगीत ते मोठ्याने वाजले. विजयमाला त्याच्याकडे बघत होती. तो पुन्हा 'बघू' म्हणणार असे वाटून ती झाकण उचलायला वाकली.

"माला," तो म्हणाला, "बाया-मानसांस्नी सांगून ये. उद्या रान मोकळं करायचं. आनि ज्यांनी ज्यांनी सही केलीया, त्यांनी औंदा आपल्या भाकरीला बसू नये."