दाजी आणि म्यानेजरचा कौल

दाजी माझ्याकडून बांगडे घ्यायचा तेव्हा एकेकाचं तोंड उघडून आत बघायचा. ताजा मासा ओळखायला लोक कल्ले बघतात, तोंड नव्हे. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "आत काय लपयलेला नाय मां, ता बघतंय."

"बांगड्यात काय लपयतले रे? बोटाएवढा तोंड तेचा."

"बोटाएवढ्यात काय काय मावता, ता तुका ठावक नाय, काशीबाय."

दाजी कस्टममध्ये शिपाई होता. तीस वर्षं नाक्यानाक्यांवर उभं राहून त्याने लोकांच्या पिशव्या उघडल्या. रिटायर होऊन गावात आला, पण हात थांबेनात. कोणाच्या घरी गेला की डब्याचं झाकण उचलायचा, उशी दाबून बघायचा. लग्नात अक्षता हातात दिल्या तर त्यातही बोट फिरवायचा. एवढं करून मोठा माल त्याच्या हाती कधी लागलाच नव्हता. एकदा एका वऱ्हाडाच्या गाडीतले अकरा फणस त्याने चोरट्या घड्याळांच्या संशयावरून कापायला लावले. आत गरे निघाले. वऱ्हाडाने ते तिथेच बसून खाल्ले, दाजीलाही दिले. ही गोष्ट तो स्वतःच सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "माल होतोच. बारावो फणस आसतलो, तो आधीच उतरयल्यानी."

बायको त्याची रिटायर व्हायच्या आधीच गेली. मूलबाळ नव्हतं. चार खोल्यांचं घर, त्यात हा एकटा, आणि दर खोलीला कुलूप.

आमचा जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. गोव्याच्या ट्रॉलरवर कामाला जाऊन आलेल्या आमच्या पोरांनी गावात फुटबॉल आणला. मी जिथे मासे सुकत घालते, त्याच्या बाजूलाच त्यांचं मैदान. बॉल माझ्या सुकटीत येऊन पडायचा, म्हणून मला सगळा खेळ बघावा लागला. आवड म्हणून नव्हे. पोरं जोरात मारायची, पण कुठे मारायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मग गावच्या पंचांनी वसंताला बोलावून घेतलं.

वसंता मूळचा धामापूरचा. चाळिशीचा गडी, बायकापोरं नाहीत. वास्कोला बंदरात कामाला होता आणि तिथल्या संघातून खेळलेला होता. तिकडची नोकरी सोडून आला. गळ्यात शिट्टी, हातात वही. लोक त्याला म्यानेजर म्हणायला लागले. त्याला राहायला जागा हवी होती. दाजीच्या खोल्या रिकाम्या, पण त्याला विचारायचं कोणी? मीच विचारलं. वाटलं, अंगावर येईल. तर म्हणाला, "ठेवा माझ्याकडे. डोळ्यांसमोर तरी ऱ्हवतलो."

आणि त्याच दिवसापासून दाजीची चौकशी सुरू झाली.

पहिल्या आठवड्यात तो माझ्याकडे एक कागद घेऊन आला. वसंताच्या वहीतलं पान. त्यावर गोल काढलेले, फुल्या मारलेल्या, बाण दाखवलेले.

"बघ. मालाच्या होड्या खंय लागतल्यो तेचो नकाशो."

"मेल्या, पोरांनी खंय उभ्या ऱ्हवाचा ता लिवलेला आसा."

"तसाच वाटूक होया. थंयच तर हुशारी आसा."

मग साबण. वसंताकडे दोन साबण होते. एक माणूस, दोन साबण कशाला? एक अंगाला आणि एक कपड्यांना, हे दाजीला पटलं नाही. मग वास्कोहून आलेलं पत्र. ते त्याने फोडलं नाही, तेवढी नीती होती. पण उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं. आत बहिणीचं बाळंतपण होतं.

सगळ्यात मोठा संशय मात्र मागच्या पासचा. वसंता पोरांना शिकवायचा की पुढे वाट नसेल तर बॉल मागे द्या, आपल्या माणसाकडे. दाजी कपाळाला हात लावायचा. "गोल फुडे आसा आणि ह्यो पोरांका मागे मारूक शिकयता. कोणाच्या सांगण्यावरसून?"

संघ हरत होता, हे खोटं नाही. जामसंड्याकडून हरला, शेजारच्या वाडीकडूनही हरला. रोज संध्याकाळी माझ्या सुकटीजवळच्या उलट्या होडीवर माणसं बसायची आणि एकच वाद. वसंताला अजून वेळ द्यायचा की घरी पाठवायचा?

वेळ द्या म्हणणारा तातू. तो रापणीचा तांडेल, जाळं ओढणाऱ्यांचा मुकादम. "रापण टाकल्यार ओढूक अर्धो दिस लागता," तो म्हणायचा. "टाकल्या टाकल्या दोरी सोडून घराक गेल्यार मासो मिळतलो काय?"

"रापणीत मासो तरी येता," दाजी म्हणायचा. "हेच्या रापणीत निसता शेवाळ. काढा तेका."

"तुझ्याच घरात ऱ्हवता मां तो? तूच सांग तेका जा म्हणान."

"चौकशी चालू आसताना मी सांगूचंय नाय. गावान सांगूचा."

वसंता लांब बसून सगळं ऐकायचा. त्याच्याकडे लपवाछपवी नव्हती. मला एकदा म्हणाला, "काकी, गावाक नको झालो तर मी दुसऱ्या दिवसाच्या गाडयेन वास्को गाठतलंय. पण ही पोरां अजून एक वरीस माझ्या हाताखाली ऱ्हवली तर खेळतली." मी म्हटलं, खेळोत की न खेळोत, माझ्या सुकटीत बॉल नको.

मग बांद्याचा संघ आला. सगळं गाव मैदानावर. आमच्यावर पाच गोल झाले, आणि त्यातला पाचवा आमच्याच पोराने आमच्याच गोलात घातला. बॉल मागे द्यायला गेला, गोलकीपर भलतीकडे, बॉल आत. दाजी उठून नाचायलाच लागला. "ह्यो पुरावो! मी काय म्हणत होतंय?"

त्या दिवशी मात्र वाद होडीवर मिटला नाही. शेवटी तातूच म्हणाला, "आमचा आमका ठरना नाय. रवळनाथाक विचारूया. येत्या ऐतवारी कौल लावूया. देव होय म्हणालो तर वसंता ऱ्हवात, नको म्हणालो तर जाईत."

सगळ्यांनी माना हलवल्या. दाजीने नाही हलवली. तो एकदम गप्प झाला. मला ते खटकलं. बोलणारा माणूस गप्प झाला की समजावं, काहीतरी शिजतंय.

आमच्याकडे कौल कसा लावतात ते सांगते. देवाच्या पाषाणाच्या दोन अंगांना गुरव भिजवलेली एकेक पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. दाजी जन्मात कधी कौलाला गेला नव्हता. तो म्हणायचा, "पाकळी गुरवाची, पाणी गुरवाचा, मगे उत्तर देवाचा कशावरसून?"

रविवारी सकाळी देवळात गर्दी. वसंता खालच्या पायरीवर बसलेला, इस्त्रीचा शर्ट घालून. पाकळ्या लावणार, इतक्यात दाजी पुढे झाला. "आधी पाषाण बघूक होयो. एका अंगाक ओल, एका अंगाक सुका, असा चलाचा नाय."

गुरव तापला. "माझ्यार संशय घेतंस?"

"सगळ्यांर घेतंय. तुझ्यारच कित्या नको?"

"जा, विहिरीर आंघोळ करून ये, आणि मगे बघ डोळे फाडून."

दाजी खरंच गेला आणि ओल्या पंच्यात थंडीत कुडकुडत आला. लोक हसत होते. मी हसले नाही. मी खांबाला टेकून त्याच्या हातांकडे बघत होते. गाभाऱ्याच्या दाराशी सहाणेवर गंध उगाळलेलं होतं. आत जाता जाता दाजीने त्यातलं बोटभर उचललं. मग पाषाणावर दोन्हीकडून हात फिरवला, आणि देवाच्या उजव्या अंगाला त्याचं बोट जरा जास्त वेळ थांबलं.

मी काय ते समजले. गंधावर बसलेली उजवी पाकळी काही पडत नाही. डावी पडणार, आणि वसंता जाणार. मनात म्हटलं, मेल्या, तीस वर्षं दुसऱ्यांच्या पिशव्या उघडल्यास, आणि आज देवाच्या अंगावर माल लपवलास! ओरडणारच होते, पण तोवर गुरवाने पाकळ्या लावून गाऱ्हाणं सुरू केलं होतं, आणि त्यात मधे बोलत नाहीत.

"बा देवा रवळनाथा, आज तुझी लेकरां तुझ्या दारात आयलीत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या वसंताक गावान अजून येळ देवचो काय नाय, तेचो निवाडो तू कर..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांचे डोळे पाषाणावर. बराच वेळ काही झालं नाही. मग एक पाकळी सरकली आणि पडली. दाजीने टाळी वाजवली. "पडली! उजवी पडली! ऱ्हवलो!"

तातूने त्याच्याकडे बघितलं. "दाजी, ती डावी."

"डावी कशी? ही बघ माझ्या उजव्या हाताक."

"देवाची उजवी धरतत रे, तुझी न्हय. तो तुझ्यासमोर तोंड करून बसलोसा. शेंबड्या पोराक कळता ता."

दाजी एकदा पाषाणाकडे बघे, एकदा स्वतःच्या हातांकडे. मागे वसंता उठला होता. त्याने गळ्यातली शिट्टी काढली आणि दोरीची गुंडाळी करून पायरीवर ठेवली.

"कौल खोटो आसा!" दाजी ओरडला.

गुरव लाल झाला. "काय म्हणालंस?"

"हेच्यात लबाडी झालीसा. ती एक पाकळी कधीच पडाची नाय. बोट लावून बघ."

"पुरावो?"

दाजीने आपलं बोट पुढे केलं. नखात गंध वाळून बसलं होतं. "ह्यो बघ. मीच लायलंय. माका उजवी-डावी कळाक नाय."

एवढी माणसं होती, पण हसायला कोणाला सुचलं नाही. जन्मभर चोर शोधणाऱ्याने पहिला चोर पकडला, तो हा. तातू हळूच म्हणाला, "म्हणजे तो ऱ्हवाक होयो म्हणान लायलंस?" दाजी नखातलं गंध ओल्या पंच्याला पुसत राहिला.

गुरवाने पाषाण धुऊन काढला. दाजीला नारळाचा दंड सांगितला आणि म्हणाला, "ह्यो कौल बाटलो. जत्रा होयसर देव ह्या प्रश्नार परत बोलाचो नाय." जत्रेला अजून आठ महिने होते. देवाने होकारही दिला नाही, नकारही दिला नाही, आणि वसंताला वेळ मिळाला. तातूने शिट्टी उचलून त्याच्या हातात दिली.

परत येताना मी दाजीला वाटेत गाठलं. वसंता पोरांबरोबर मागून येत होता.

"रोज तूच बोंबलतंस, काढा तेका म्हणान. मगे ह्या कित्या केलंस?"

"बोंबलूक काय जाता? खराच काढतले असा कोणाक वाटला?"

"आणि ते साबण, ता पत्र?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती गेल्यापासून घरात ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिसाक थंयच मिळायची. तांब्यो थंयच, पाट थंयच. खोल्येखोल्येक कुलूप लावलंय, पण चोर येवक नाय. आता सकाळी उठान बघतंय तर तांब्यो हललेलो. साबण झिजलेलो. मगे तो कोणी हलयल्यान, कित्या हलयल्यान, बघूक नको?"



मागून वसंताने हाक मारली. "दाजीनु, आज जेवणाक काय आसा?"

"तुका कित्या होया?" दाजी मागे वळून ओरडला. "कोणाक कळवूचा आसा?"

आणि पंचा सावरत झपाझप घराकडे निघाला. चूल अजून पेटायची होती.