आबांच्या श्वासाला भावकीची मंजुरी

माणूस स्वतःचा श्वास स्वतः घेतो, हा शहरी गैरसमज आहे. मावळात हा विषय भावकीच्या अखत्यारीत येतो, आणि तेच योग्य आहे. ज्याला धाप लागलीय त्याचं डोकं काय ठिकाणावर असणार?

टाकवे बुद्रुकच्या दत्तोबा आबांच्या श्वासनलिकेत गाठ वाढली. तळेगावच्या एका इस्पितळात डॉक्टर कौमुदी म्हणाल्या, "नळी जेमतेम पाव उघडी राहिलीय. एक्स-रेच्या पडद्यावर बघत आत तार सरकवायची आणि तिच्यावरून जाळीची नळी बसवायची. स्टेंट म्हणतात. अर्ध्या तासाचं काम, पण आत्ताच व्हायला हवं." आणि संमतीचा कागद त्यांनी थेट आबांपुढे धरला.

इथे बाईंचा अननुभव दिसला. (पुण्यात शिकलेल्या.) थोरला पुतण्या मारुती याने कागद वरच्यावर ताब्यात घेतला आणि रीतसर फोन लावले.

दोन जीप भरून भावकी आली. उपस्थिती चौदा. बाजूने पाच, विरोधात चार, "आधी च्या घिऊ" म्हणणारे पाच. एकाच्या साडूला हृदयात जाळी बसवलेली, सबब तो तज्ज्ञ ठरला. "गळ्यात लोखंड? गंजंल की!" अशी शंका त्याने नोंदवली. धाकटा पुतण्या सीताराम आंबीहून निघाला होता. त्याच्यावाचून ठराव करणं बरं दिसलं नसतं.

"अवो, त्येंचे व्हट निळं पडल्यात!" आबांची बायको रतनबाई कळवळून म्हणाली.

"काकी, तुमी बसा. आमी हाय ना!"

आबांना बोलता येईना. ते तीन बोटं जुळवून हवेत काहीतरी गिरवत होते.

"तंबाखू मागत्यात," मारुतीने ओळखलं. "आत्ता न्हाई मिळायची, आबा!"

कौमुदींनी कागद ओढून घेतला आणि आबांच्या हातात पेन दिलं. आबांनी सही केली. (शुद्धीवरच्या पेशंटची स्वतःची सही चालते, ही कायद्यातली पळवाट भावकीला ठाऊक नव्हती.) अर्ध्या तासात जाळी उघडली, आबांनी छाती भरून श्वास घेतला, रतनबाई भिंतीला टेकून ढसाढसा रडली. सीताराम पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं. तो अजून भावकीशी बोलत नाही.

महिन्याभराने मारुतीचं अपेंडिक्स सुजलं. आबा जातीने इस्पितळात आले, खुर्ची ओढून बसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "त्याला काय इचारताय? समदी भावकी जमू द्या."

हसलात? छान. आता तुमच्या वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आठवा. मुलाची रजा, सुनेची मीटिंग, अमेरिकेतल्या लेकीचं तिकीट, सगळं बघून ठरवली होतीत. वडिलांना कळवलं होतंत ना?